गणपूरक: विनयपिटकातील गणपूर्तीचा नियम आणि त्याचा अर्थ

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एक ऐतिहासिक सत्य देशासमोर ठेवले. संसदीय पद्धती भारताला पाश्चात्त्यांकडूनच प्रथम कळली, हा समज खरा नाही. बौद्ध भिक्खुसंघाला सभेची आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान इत्यादी नियमांची माहिती होती व संघ ते पाळीत होता, असे त्यांनी सांगितले. हे विधान आपल्या सभासंमेलनांतून नेहमी उद्धृत केले जाते. परंतु त्या यादीतील एकेका नियमाचे मूळ स्वरूप काय होते, तो कोणत्या प्रसंगी घालून दिला गेला आणि त्यामागील दृष्टी कोणती होती, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी केवळ एका नियमाचा, म्हणजे गणपूर्तीचा, विनयपिटकाच्या आधारे विचार करावयाचा आहे.

सभेचे काम वैध ठरण्यासाठी किमान किती सभासद उपस्थित असावेत, हा वरवर पाहता अगदी कोरडा, तांत्रिक प्रश्न वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. थोड्यांनी एकत्र येऊन सर्वांच्या नावाने निर्णय करावा काय, हा त्यातील खरा प्रश्न आहे. ज्या समाजाने शतकानुशतके मूठभर पंचांच्या तोंडचा निर्णय 'गावाचा निर्णय' म्हणून सोसला, त्या समाजाला या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शब्दाचा विचार

इंग्रजी सभाशास्त्रातील 'कोरम' हा शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ 'ज्यांच्यापैकी' असा होतो. इंग्लंडमध्ये न्यायाधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या सनदेत, ज्यांच्यापैकी अमुक जण उपस्थित असल्याखेरीज न्यायासन भरू नये अशा आशयाचा मजकूर असे. त्यावरून हा शब्द रूढ झाला. म्हणजे प्रारंभी त्याचा रोख संख्येवर नसून काही विशिष्ट व्यक्तींच्या उपस्थितीवर होता.

पालीतील शब्द 'गणपूरक' हा आहे. गण पुरा करणारा तो गणपूरक. मराठीत आज रूढ असलेला 'गणपूर्ती' हा शब्द याच धातूपासून व याच कल्पनेतून सिद्ध झालेला आहे. काही आधुनिक अभ्यासकांनी गणपूरक म्हणजे सभासदांना सभेस हजर ठेवणारा पक्षप्रतोद असा अर्थ लावला आहे. परंतु महावग्गाच्या वस्सूपनायिकक्खन्धकात हा शब्द ज्या संदर्भात येतो, तो पाहता हा अर्थ टिकत नाही. वर्षावासाच्या काळात भिक्खूने आपले निवासस्थान सोडू नये, असा नियम आहे. तथापि एखाद्या भिक्खूला परिवास द्यावयाचा असेल किंवा त्याचे अब्भान करावयाचे असेल, तर दुसऱ्या भिक्खूने सात दिवसांच्या मर्यादेत तेथे जावे, निरोप आलेला नसला तरीही जावे, अशी अनुज्ञा तथागतांनी दिली. कोणत्या हेतूने जावे? त्या कामासाठी खटपट करावी म्हणून, घोषणा करावी म्हणून, अथवा 'गणपूरक' व्हावे म्हणून. येथे गणपूरक म्हणजे इतरांना गोळा करणारा अधिकारी नव्हे. स्वतः जाऊन बसल्याने जो गण पुरा करतो, तो भिक्खू होय. म्हणजे गणपूर्ती ही सभेच्या चालकांची चिंता म्हणून सांगितलेली नाही. ती प्रत्येक सभासदाचे कर्तव्य म्हणून सांगितलेली आहे, आणि वर्षावासासारखा कडक नियमही या कर्तव्यासाठी शिथिल होतो.

कस्सपगोत्ताची कथा

गणपूर्तीचे सविस्तर विवेचन महावग्गाच्या नवव्या, म्हणजे चम्पेय्यक्खन्धकात आहे. त्याचा आरंभ एका कथेने होतो.

काशी जनपदातील वासभगाम नावाच्या गावी कस्सपगोत्त नावाचा भिक्खू राहत होता. आगंतुक भिक्खू आले की त्यांची सर्व व्यवस्था तो आस्थेने करी. एकदा काही भिक्खू तेथे आले. कस्सपगोत्ताने त्यांच्यासाठी आसने मांडली, पाय धुण्यास पाणी दिले, स्नानाची, यवागूची व भोजनाची सोय केली. पाहुणचार उत्तम आहे असे पाहून ते भिक्खू तेथेच राहिले. काही काळाने कस्सपगोत्ताच्या मनात विचार आला की, हे आता येथे रुळले आहेत, भिक्षेची ठिकाणे त्यांना ठाऊक झाली आहेत. परक्या घरी जाऊन आयुष्यभर मागत राहणे योग्य नव्हे. म्हणून त्याने यवागू व भोजनाची खटपट थांबविली. त्यावर हे आगंतुक रुष्ट झाले. तुझ्याकडून आपत्ती, म्हणजे अपराध, घडला आहे, तो तू मान्य कर, असे त्यांनी त्याला म्हटले. मान्य करावा असा अपराध मला दिसत नाही, असे तो म्हणाला. तेव्हा अपराध न पाहिल्याचे कारण सांगून त्यांनी त्याचे 'उक्खेपन' केले, म्हणजे त्याला संघाच्या सहजीवनातून दूर केले.

कस्सपगोत्त स्वतःशी विचार करू लागला की, हा अपराध आहे की नाही, मी खरोखर बहिष्कृत झालो आहे की नाही, हे मला कळत नाही. तो चंपा नगरीस गेला. तेथे गग्गरा पुष्करिणीच्या तीरी तथागत विहार करीत होते. सर्व वृत्तांत ऐकून तथागतांनी निर्णय दिला की, हा अपराध नव्हे. तू बहिष्कृत नाहीस. ते कर्म अधार्मिक आहे, दोषयुक्त आहे. तू परत जा आणि वासभगामातच राहा. पुढे त्या आगंतुक भिक्खूंनाही पश्चात्ताप झाला व ते चंपेस येऊन तथागतांना शरण गेले.

या कथेत दोष मुख्यतः कारणाचा आहे. कारण नसताना शिक्षा केली गेली. परंतु लगेच पुढे चंपेतील भिक्खूंच्या ज्या गैरप्रकारांची नोंद येते, तेथे प्रश्न संख्येचा होतो. एकच भिक्खू दुसऱ्या एकाला बहिष्कृत करी, एकच दोघांना करी, एकच अनेकांना करी, एकच साऱ्या संघाला करी. दोघे एकाला करीत, अनेक जण एकाला करीत. एक संघ दुसऱ्या संघालाही बहिष्कृत करी. हे सर्व प्रकार तथागतांनी अवैध ठरविले आणि त्यानंतर संघकर्मासाठी किमान संख्येचा नियम सांगितला. म्हणजे गणपूर्तीच्या नियमाची पार्श्वभूमी बहिष्काराची आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. थोड्यांनी एकत्र येऊन एखाद्याला वाळीत टाकावे, हे थांबविणे हे त्या नियमाचे एक प्रमुख प्रयोजन होय.

पाच प्रकारचे संघ

तथागतांनी संघाचे संख्येनुसार पाच प्रकार सांगितले: चार भिक्खूंचा चतुवग्ग, पाचांचा पञ्चवग्ग, दहांचा दसवग्ग, विसांचा वीसतिवग्ग आणि विसांहून अधिकांचा अतिरेकवीसतिवग्ग.

चार भिक्खूंच्या संघाला उपसंपदा, पवारणा आणि अब्भान ही तीन कर्मे सोडून इतर सर्व कर्मे करता येतात. पाचांच्या संघाला मध्यदेशातील उपसंपदा आणि अब्भान ही दोन सोडून सर्व करता येतात. दहांच्या संघाला केवळ अब्भान करता येत नाही. वीस वा त्याहून अधिकांच्या संघाला कोणतेच कर्म वर्ज्य नाही. चारांहून कमी भिक्खू म्हणजे संघच नव्हे. दोघा-तिघांना विनयाच्या परिभाषेत 'गण' म्हणतात आणि गणाला संघकर्माचा अधिकार नाही.

येथे एक गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. सर्व कामांसाठी एकच संख्या ठरविलेली नाही. कामाचे गांभीर्य जसे वाढते, तशी संख्या वाढते. संघात नव्या व्यक्तीला प्रवेश देणे हे गंभीर काम. त्यासाठी दहा जण हवेत. आणि सर्वांत मोठी संख्या कशासाठी? तर अब्भानासाठी. संघादिसेस प्रकारचा गंभीर अपराध ज्याच्याकडून घडला, त्याने तो लपविला असल्यास तितके दिवस परिवास भोगावा, नंतर सहा रात्रींचे मानत्त पूर्ण करावे आणि शेवटी संघाने त्याला पुन्हा सन्मानाने आत घ्यावे. यालाच अब्भान म्हणतात. पातिमोक्खात याविषयी इतका काटेकोरपणा आहे की, विसांत एक जरी कमी असला, तरी त्या भिक्खूचे अब्भान झाले असे समजले जात नाही, आणि ते करणारे भिक्खू दोषास पात्र होतात.

चुकलेल्या माणसाला परत घेण्यासाठी सर्वांत मोठी सभा का असावी? माणसाला आत घेतल्याचे सर्वांना ठाऊक असावे, उद्या कोणी 'मी तेथे नव्हतो' असे म्हणून त्याच्याकडे बोट दाखवू नये, हा हेतू यामागे असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. परिवास काळात त्याला ज्या संघासमोर न्यूनत्व पत्करावे लागले, त्याच संघाच्या भरल्या सभेत त्याचे न्यूनत्व संपते.

कोणाला मोजावे, कोणाला मोजू नये

केवळ डोकी मोजून गण पुरा होत नाही. कोणाच्या उपस्थितीने गण भरत नाही, याची मोठी यादी चम्पेय्यक्खन्धकात आहे. श्रामणेर, शिक्षेचा त्याग केलेला, पाराजिक अपराध झालेला, उक्खेपन झालेला, वेगळ्या सहवासाचा, सीमेबाहेर उभा असलेला, इतकेच नव्हे तर ऋद्धिबलाने आकाशात उभा असलेला, यांपैकी कोणाला चौथा धरून चारांचा संघ पुरा होत नाही. आकाशातील भिक्खूचा उल्लेख वाचून आधुनिक वाचकाला हसू येईल. पण त्यामागचा कायद्याचा विचार अगदी स्पष्ट आहे: सभासद त्या सभेच्या क्षेत्रात, सभेबरोबर बसलेला असला पाहिजे.

या यादीतील सर्वांत महत्त्वाचे कलम शेवटी येते. ज्याच्याविरुद्ध संघ कर्म करीत आहे, त्यालाच चौथा धरून गण पुरा करता येत नाही. तिघे जण जमले आणि ज्याला शिक्षा करावयाची त्याला मध्ये बसवून 'आम्ही चार झालो' म्हणाले, तर ते कर्म म्हणजे कर्मच नव्हे. त्याचप्रमाणे परिवास भोगणाऱ्याला चौथा धरून दुसऱ्याला परिवास देता येत नाही, अथवा त्याला विसावा धरून दुसऱ्याचे अब्भान करता येत नाही. ज्याचा प्रत्यक्ष संबंध आहे त्याला न्याय देणाऱ्यांत मोजू नये, हे आजच्या न्यायशास्त्राचे तत्त्व येथे गणपूर्तीच्या नियमातच गोवलेले आहे.

या यादीत भिक्खुणी, शिक्षमाणा व श्रामणेरी यांचाही समावेश आहे, हे नमूद केले पाहिजे. भिक्खुणीसंघाची स्वतःची सभा व स्वतःची गणपूर्ती होती, म्हणून भिक्खुसंघात भिक्खुणीची गणना झाली नाही, हे खरे. परंतु भिक्खुणीच्या उपसंपदेला दोन्ही संघांची आवश्यकता असे आणि भिक्खूच्या उपसंपदेला मात्र एकाच संघाची, ही विषमताही तितकीच खरी आहे. तिचे परिणाम पुढे किती दूरवर गेले, ते आपण नंतर पाहू.

संख्या पुरी, तरी सभा अपुरी

आधुनिक गणपूर्ती आणि विनयातील गणपूर्ती यांत एक मूलभूत भेद आहे. आधुनिक सभेत किमान संख्या भरली की काम सुरू होते. अनुपस्थितांचा विचार करण्याचे कारण उरत नाही. विनयात तसे नाही. चार, पाच, दहा, वीस ही संख्या भरली म्हणजे सभा सुरू करण्याची पात्रता आली, एवढेच. कर्म वैध होण्यासाठी आणखी तीन अटी आहेत. त्या सीमेतील कर्मास योग्य असे सर्व भिक्खू आलेले असावेत; जे येऊ शकत नाहीत त्यांचा 'छंद', म्हणजे संमती, आणलेला असावा; आणि उपस्थितांपैकी कोणी हरकत घेतलेली नसावी. या तीन अटी पाळल्या नाहीत तर ते 'वग्गकम्म', म्हणजे फुटीचे कर्म होय. धर्माला धरून आणि समग्र संघाने केलेले कर्म तेवढे ग्राह्य. धर्माला धरून असूनही वग्गाने केलेले कर्म अग्राह्य.

म्हणूनच सीमेला एवढे महत्त्व आहे. सर्वांनी यावे म्हणावयाचे तर 'सर्व' म्हणजे कोण, हे आधी निश्चित झाले पाहिजे. पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी व जलाशय या आठ खुणांपैकी खुणा सांगून सीमा ठरवावी, आणि ती तीन योजनांहून मोठी नसावी, असा नियम झाला. घटक लहान ठेवला म्हणजे सर्वांची उपस्थिती शक्य होते.

अनुपस्थितीविषयी महावग्गाच्या उपोसथक्खन्धकातील प्रसंग बोधप्रद आहेत. राजगृहाजवळ मद्दकुच्छी येथे राहणाऱ्या आयुष्मान महाकप्पिनांच्या मनात विचार आला की, मी तर परम विशुद्ध आहे. उपोसथाला मी जावे की न जावे? तथागत स्वतः तेथे गेले आणि त्यांनी त्यांना सांगितले की, तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा आदर केला नाही तर कोण करणार? तुम्ही जा. म्हणजे मोठेपणा ही अनुपस्थितीची सबब होऊ शकत नाही.

आजारी भिक्खूने आपली पारिशुद्धी व छंद दुसऱ्याकरवी पाठवावा. ते शक्य नसेल तर त्याला मंचासह उचलून सभेत आणावे. हलविल्याने आजार वाढेल वा मृत्यू ओढवेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर त्याला हलवू नये. संघानेच त्याच्याजवळ जाऊन उपोसथ करावा. पण अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. एका रुग्णासाठी सारी सभा त्याच्या बिछान्यापाशी जाते, हे दृश्य सभाशास्त्राच्या इतिहासात अपूर्व मानले पाहिजे. गग्ग नावाचा भिक्खू भ्रमिष्ट होता. त्याला कधी उपोसथाची आठवण राही, कधी राहत नसे. त्याच्या अनुपस्थितीने काम अडू नये म्हणून संघाने रीतसर ठराव करून त्याला सूट दिली. त्याच्या अनुपस्थितीकडे केवळ दुर्लक्ष करून चालले नाही. त्यासाठीही कर्म करावे लागले.

पण छंद पाठविल्याने गण मात्र भरत नाही. जेथे चार भिक्खू राहतात, तेथे एकाची पारिशुद्धी आणून उरलेल्या तिघांनी पातिमोक्ख म्हणू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. अनुपस्थिताची संमती सभेची समग्रता राखते. ती सभेची संख्या वाढवीत नाही. आजच्या मुखत्यारपत्रांच्या व्यवहारातही हा विवेक उपयोगी पडावा.

उशिरा येणाऱ्यांचा विचारही बारकाईने केलेला आहे. पातिमोक्खाचे पठन चालू असता तेथलेच निवासी भिक्खू अधिक संख्येने आले, तर पठन पुन्हा आरंभापासून करावे. समसंख्येने वा कमी आले, तर झाले ते ठीक, उरलेले त्यांनी ऐकावे. इतर भिक्खू यावयाचे आहेत हे ठाऊक नसताना केले तर दोष नाही. ठाऊक असून केले तर दुक्कट. आणि 'ते नाहीसे होवोत, त्यांच्याशी आपल्याला काय करावयाचे' अशा भेदबुद्धीने केले, तर त्याहून गंभीर असा थुल्लच्चय दोष. सभा अपुरी राहिली एवढेच विनय पाहत नाही. ती अपुरी ठेवली गेली काय, हेही तो विचारतो.

हरकतीचा अधिकारही येथेच सांगितला आहे. त्याच सहवासाच्या व त्याच सीमेत बसलेल्या प्रकृतिस्थ भिक्खूने सभेत आपली हरकत शेजाऱ्याला जरी कळविली, तरी ती मान्य होते. ज्याला उभे राहून बोलण्याचे धैर्य नाही, त्याचाही विरोध विरोधच ठरतो.

सोण कुटिकण्ण आणि दक्षिणापथ

नियम कडक असला की तो दुर्बलांवर अन्याय करू शकतो. हा धोका तथागतांनी ओळखला होता, हे सोण कुटिकण्णाच्या कथेवरून दिसते. अवंती-दक्षिणापथात कुररघर येथे पपात पर्वतावर आयुष्मान महाकच्चान राहत होते. त्यांचा उपासक सोण प्रव्रजित झाला. पण त्या प्रदेशात भिक्खू थोडे. उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमविण्यास महाकच्चानांना तीन वर्षे लागली, तीही मोठ्या कष्टाने. पुढे सोण तथागतांच्या भेटीस निघाला तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याकरवी विनंती पाठविली की, या प्रदेशात कमी संख्येने उपसंपदा देण्याची अनुज्ञा व्हावी.

तथागतांनी प्रत्यंत जनपदांत, विनयधर धरून पाच जणांच्या संघाने उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. मध्यदेशाच्या सीमाही सांगितल्या: पूर्वेस कजंगल, आग्नेयेस सल्लवती नदी, दक्षिणेस सेतकण्णिक, पश्चिमेस थूण, उत्तरेस उसीरद्धज. त्यापलीकडचा सारा प्रदेश प्रत्यंत होय. त्या हिशेबाने आजचा महाराष्ट्र प्रत्यंत जनपदातच मोडतो. या भूमीत संघाची वाढ व्हावी, यासाठी पाचांची गणपूर्ती उपकारक ठरली असली पाहिजे. नियमाचा हेतू राखून त्याची संख्या बदलता येते, आणि ती बदलण्याचा मार्ग म्हणजे उघड विनंती व उघड अनुज्ञा, हा या कथेचा बोध आहे.

वैशालीचा वाद

परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशाली येथे झालेल्या दुसऱ्या संगीतीचा उल्लेख सुवर्णरजताच्या स्वीकाराच्या वादासाठी केला जातो. परंतु वज्जिपुत्तक भिक्खूंच्या दहा वस्तूंपैकी दोन वस्तू थेट आपल्या विषयाच्या आहेत. 'आवासकप्प' म्हणजे एकाच सीमेतील निरनिराळ्या आवासांनी वेगवेगळा उपोसथ करणे. 'अनुमतिकप्प' म्हणजे अपुऱ्या संघाने आधी कर्म उरकावे आणि बाकीचे भिक्खू आल्यावर त्यांची अनुमती घ्यावी.

हा दुसरा मार्ग आज आपल्या किती परिचयाचा आहे! निर्णय करून टाकायचा, मग सही घ्यायची. संगीतीत आयुष्मान रेवतांनी एकेक वस्तू विचारली व आयुष्मान सब्बकामींनी उत्तर दिले. पूर्वेकडील चार व पावा पक्षाचे चार अशा आठ स्थविरांच्या उब्बाहिकेपुढे हा निर्णय झाला. आवासकप्प उपोसथाच्या नियमांविरुद्ध, आणि अनुमतिकप्प चंपेतील विनयवस्तूविरुद्ध म्हणून अमान्य ठरला. ज्यांनी हा प्रश्न उठविला त्या यस काकण्डकपुत्तांवर वज्जिपुत्तकांनी आधी पटिसारणीय कर्म केले होते आणि नंतर त्यांचे उक्खेपन करण्यासाठी ते जमले होते. वासभगामचा कस्सपगोत्त आणि वैशालीचे यस यांच्यात एका शतकाहून अधिक अंतर आहे. पण दोघांवरील संकट एकच आहे.

गण न भरल्याचे परिणाम

गणपूर्ती न झाल्यास काय होते, याची साक्ष श्रीलंकेचा इतिहास देतो. चोळांच्या राज्यानंतर पहिला विजयबाहू सत्तेवर आला. इ. स. १०५५ ते १११० हा त्याचा काळ. उपसंपदेसाठी गण पुरा करण्याइतके भिक्खू तेव्हा द्वीपात उरले नव्हते, म्हणून त्याने रामञ्ञ देशातून भिक्खू आणविले, असे चूळवंस सांगतो. पुढे पुन्हा हीच वेळ आली आणि १७५३ मध्ये सयामातून आलेल्या उपाली स्थविरांच्या संघाने कँडी येथे उपसंपदेची परंपरा पुनःस्थापित केली. भिक्खूंची परंपरा बाहेरून आणता आली. भिक्खुणीसंघाची थेरवादी परंपरा मात्र खंडित झाली, आणि दोन्ही संघांची गणपूर्ती हवी या नियमामुळे ती पुन्हा सुरू करणे दुर्घट मानले गेले. १९९६ मध्ये सारनाथ येथे दहा श्रीलंकन स्त्रियांना उपसंपदा मिळाली; १९९८ मध्ये बोधगया येथे आणखी मोठा विधी झाला. या उपसंपदांच्या वैधतेविषयी थेरवादी देशांत एकमत झालेले नाही. न भरलेला गण शतकानुशतके स्त्रियांच्या वाटेत उभा राहिला, हे विसरता येत नाही. सोणाच्या वेळी दाखविलेली करुणा येथे मार्गदर्शक मानावी, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे.

संविधान आणि आपल्या सभा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या प्रत्येक सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश आहे. ती नसेल तर सभा तहकूब वा स्थगित करणे हे पीठासीन अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद संविधानातून वगळण्याचा प्रयत्न झाला. तो बदल अमलात आलाच नाही, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो रद्द झाला. आणीबाणीच्या काळात गणपूर्तीचा नियम नकोसा वाटावा, हा योगायोग नव्हे.

सामान्य माणसाचा गणपूर्तीशी संबंध येतो तो मात्र संसदेत नव्हे, तर आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. नेमलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेतही ती भरली नाही तर उपस्थित असतील त्यांच्यावर काम चालते. दोनशे सदनिकांच्या संस्थेत २० जण जमले तर सभा भरली. त्यांतील ११ जणांनी हात वर केले तर ठराव झाला. तहकूब सभेत तर तेवढेही लागत नाहीत. घराच्या दुरुस्तीचा खर्च, वाहनतळाची जागा, थकबाकीदारावरील कारवाई असे निर्णय याच मार्गाने होतात. उद्या त्याच निर्णयाविरुद्ध घराघरांतून कुरकुर होते. पण सभेच्या दिवशी मात्र ही घरे बंद असतात.

विनयाचा नियम जसाच्या तसा येथे लावावा, असे कोणी म्हणणार नाही. संघ ही एका ध्येयाने एकत्र आलेल्यांची स्वेच्छेची संस्था होती. इमारतीतील रहिवासी तसे नसतात. एकाच्या हरकतीने सर्व काम थांबू लागले तर पाण्याची टाकीसुद्धा दुरुस्त होणार नाही. विनयानेही तंट्यांच्या निवारणासाठी शलाकेने मत घेण्याची येभुय्यसिका पद्धती सांगितली आहेच. पण चार गोष्टी आपल्याला नक्की घेता येतील. कामाच्या गांभीर्याप्रमाणे उपस्थितीची अट वाढावी. ज्याचा स्वतःचा लाभ वा हानी गुंतली आहे, त्याला निर्णय करणाऱ्यांत मोजू नये. अनुपस्थिताला आधी विचारावे, नंतर सही मागू नये. आणि सभेची वेळ वा स्थळ कोणी यावयास नको म्हणून ठरविलेले असेल, तर तो तांत्रिक दोष न मानता नैतिक अपराध मानावा.

आपल्या विहार समित्या, धम्मसंस्था, शिक्षणसंस्था यांनाही हेच लागू आहे. बाबासाहेबांनी संघाच्या सभापद्धतीचा उल्लेख केला तो केवळ प्राचीन वैभव सांगण्यासाठी नव्हे. त्याच भाषणात, भारताने ही लोकशाही पद्धती एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावील काय, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला व तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. एकाने वा काहींनी मिळून दुसऱ्याला वाळीत टाकणे हा त्याने गुन्हा ठरविला. चंपेच्या गग्गरा पुष्करिणीवर कस्सपगोत्ताला मिळालेल्या न्यायाशी या कायद्याचे नाते आहे. कायदा गुन्ह्यानंतर येतो. गणपूर्तीचा नियम मात्र गुन्हा घडण्याआधी सभेच्या दारात उभा असतो. आणि तो नियम जिवंत राहतो तो सभासदाच्या एका साध्या कृतीने: उठून सभेस जाण्याने. विनयाच्या भाषेत त्या सभासदालाच गणपूरक म्हणतात.